कर्नल चार्ल्स यंग : एकशे पाच वर्षे अडलेली बढती

सरकारी फाईल आपोआप रखडत नाही, तिला कोणीतरी रखडवत असतो. ज्यांनी बढतीसाठी, जात पडताळणीसाठी किंवा थकलेल्या वेतनासाठी कचेऱ्यांचे उंबरठे झिजवले आहेत त्यांना हे आम्ही वेगळे सांगण्याची गरज नाही. नियम सर्वांना सारखाच असतो, पण तो कोणासाठी एका दिवसात हलतो आणि कोणासाठी वर्षानुवर्षे हलत नाही, यातच सारी विषमता दडलेली असते. अमेरिकेच्या सैन्यातील कर्नल चार्ल्स यंग यांचे चरित्र आम्ही आज वाचकांपुढे ठेवत आहोत ते याच कारणासाठी.

२९ एप्रिल २०२२ रोजी वेस्ट पॉइंट येथील लष्करी अकादमीत एक समारंभ झाला आणि चार्ल्स यंग यांना ब्रिगेडियर जनरल हा हुद्दा मानद म्हणून जाहीरपणे बहाल करण्यात आला. तेव्हा यंग यांना जाऊन शंभर वर्षे उलटली होती. ज्या बढतीची वाट १९१७ साली अडवली गेली, ती १०५ वर्षांनी मिळाली. एका अधिकाऱ्याच्या कागदाला इतका वेळ का लागला, हे समजून घ्यायचे तर त्यांच्या जन्मापासून सुरुवात करावी लागते.

यंग यांचा जन्म १२ मार्च १८६४ रोजी केंटकी राज्यातील मेज लिक या गावी गुलामगिरीत झाला. त्यांचे वडील गॅब्रिएल यंग १८६५ साली मालकाच्या तावडीतून निसटले, ओहायो नदी ओलांडून गेले आणि संघराज्याच्या सैन्यात कृष्णवर्णीयांच्या तोफखान्यात भरती झाले. त्यांच्यासाठी अंगावरचा गणवेश हा माणूसपणाचा पहिला दाखला होता. ज्यांच्या घरी आजोबा-पणजोबांच्या पलटणीच्या आठवणी आजही सांगितल्या जातात, त्या आमच्या वाचकांना याचा अर्थ लगेच कळेल. पुढे हे कुटुंब ओहायोतील रिप्ले गावी स्थायिक झाले आणि चार्ल्स गोऱ्या मुलांबरोबर एकाच शाळेत शिकून १८८१ साली हायस्कूल उत्तीर्ण झाले.

वेस्ट पॉइंटच्या प्रवेशासाठी त्यांनी स्पर्धा परीक्षा दिली आणि दुसरा क्रमांक मिळवला. पहिल्या क्रमांकाच्या उमेदवाराची जागा मोकळी झाल्यावर १८८४ साली ते अकादमीत दाखल झाले. तेथील पाच वर्षे म्हणजे मानहानीची शाळाच होती. बहुतेक सहाध्यायी त्यांच्याशी कामापुरतेही बोलत नसत. गणितात मागे पडल्यामुळे पहिले वर्ष पुन्हा करावे लागले. शेवटच्या वर्षी अभियांत्रिकीचा विषय राहिला. तेव्हा जॉर्ज गोथल्स या शिक्षकाने त्यांची वेगळी शिकवणी घेतली. पुढे पनामा कालवा पूर्ण करणारे ते हेच गोथल्स. वर्गमित्र जून १८८९ मध्ये अधिकारी होऊन बाहेर पडले, यंग ३१ ऑगस्टला. वेस्ट पॉइंटमधून पदवी घेणारे ते तिसरे कृष्णवर्णीय ठरले. चौथ्याला त्यानंतर १९३६ साल उजाडावे लागले.

पदवी मिळाली, पण नेमणूक कुठे करायची हा प्रश्न उभा राहिला. गोऱ्या अधिकाऱ्याला सैन्यातील कोणत्याही रेजिमेंटची दारे खुली होती. कृष्णवर्णीय सैनिकांच्या रेजिमेंट मात्र चारच होत्या : घोडदळाची नववी आणि दहावी, पायदळाची चोविसावी आणि पंचविसावी. कृष्णवर्णीय अधिकाऱ्याला नेमायचे ते या चारांतच, असा अलिखित दंडक होता. त्यामुळे यंग यांच्या पहिल्या नेमणुकीचे आदेश एकापाठोपाठ बदलत गेले आणि शेवटी ते नवव्या घोडदळात रुजू झाले. कायद्याने समान असलेला हुद्दा अंमलबजावणीत कसा आखूड केला जातो, त्याचा हा पहिला पुरावा.

१८९४ पासून त्यांनी ओहायोतील विल्बरफोर्स विद्यापीठात लष्करी शास्त्र शिकवले. तेथे एका तरुण प्राध्यापकाशी त्यांची आयुष्यभराची मैत्री जडली. ते होते डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस. याच ड्यू बॉइस यांना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४६ साली पत्र लिहून, अमेरिकेतील कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रसंघाकडे दिलेल्या निवेदनाच्या प्रती मागितल्या होत्या, हे आमच्या वाचकांना ठाऊक असेल.

१९०१ साली यंग कॅप्टन झाले आणि फिलिपाइन्सच्या मोहिमेवर गेले. १९०३ साली कॅलिफोर्नियातील सिक्वोया राष्ट्रीय उद्यानाचा कारभार त्यांच्याकडे आला. राष्ट्रीय उद्यानाचे अधीक्षकपद सांभाळणारे ते पहिले कृष्णवर्णीय. वर्षानुवर्षे रेंगाळलेला डोंगरातला गाडीरस्ता त्यांनी एका हंगामात प्रचंड वृक्षांच्या जंगलापर्यंत नेऊन पोहोचवला. पुढे ते हैतीत आणि नंतर लायबेरियात लष्करी प्रतिनिधी होते. १९१२ साली मेजर झाले. लायबेरियात त्यांना गोळी लागली, जीवघेण्या तापानेही गाठले, तरी त्यांनी तिथले सैन्य उभे करण्याचे काम सोडले नाही. या कामगिरीबद्दल १९१६ साली त्यांना स्पिंगार्न पदक मिळाले. त्या वर्षाच्या पूर्वार्धात बाबासाहेब न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकत होते.

त्याच वर्षी यंग दहाव्या घोडदळाबरोबर जनरल पर्शिंग यांच्या मेक्सिको मोहिमेत होते. पॅरलजवळ मेजर टॉम्पकिन्स यांची गोऱ्या सैनिकांची तुकडी कोंडीत सापडली असता यंग आपले कृष्णवर्णीय घोडेस्वार घेऊन धावून गेले. जुलैत ते लेफ्टनंट कर्नल झाले. खुद्द पर्शिंग यांनी मोठ्या जबाबदारीसाठी त्यांची शिफारस केली.

एप्रिल १९१७ मध्ये अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली. सैन्य झपाट्याने वाढणार होते आणि अनुभवी अधिकाऱ्यांची टंचाई होती. यंग सेवाज्येष्ठतेने कर्नलपदाच्या दारात उभे होते. कर्नल झाले की रेजिमेंट हाती येणार आणि युद्धकाळातील बढतीने ब्रिगेडियर जनरल होणेही दूर नव्हते. म्हणजे गोरे अधिकारी त्यांच्या हुकमाखाली येणार, त्यांना सलाम ठोकणार! घोडे इथेच पेंड खात होते.

आता वकिलाच्या नजरेने तारखा पाहू. दहाव्या घोडदळातील मिसिसिपीच्या एका गोऱ्या लेफ्टनंटने, आपल्याला कृष्णवर्णीय वरिष्ठाच्या हाताखाली काम करावे लागते अशी तक्रार केली. मिसिसिपीचे सिनेटर जॉन शार्प विल्यम्स यांनी ती थेट राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सन यांच्याकडे नेली. विल्सन म्हणजे ज्यांच्या कारकिर्दीत केंद्रीय कचेऱ्यांत गोऱ्या-काळ्या कर्मचाऱ्यांना वेगळे बसवण्यात आले ते गृहस्थ. त्यांनी प्रकरण युद्धमंत्री न्यूटन बेकर यांच्याकडे सोपवले. बढतीपूर्वीच्या वैद्यकीय तपासणीत यंग यांना उच्च रक्तदाब आणि मूत्रपिंडाचा विकार असल्याचे नोंदले गेले होते. जून संपता संपता राष्ट्राध्यक्षांनी सिनेटरला कळवूनही टाकले की प्रकृतीच्या कारणाने हा अधिकारी तुकडीवर राहणार नाही. निवृत्तीचा आदेश निघाला तो मात्र जुलैच्या अखेरीस. म्हणजे तक्रारदाराला निकाल आधी कळला आणि ज्याचे आयुष्य पणाला लागले होते त्याच्या हाती आदेश नंतर पडला! त्याला कर्नल केले, पण निवृत्तांच्या यादीत टाकून. हुद्दा दिला आणि हुद्द्याचे काम काढून घेतले.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवली पाहिजे. आजार खोटा नव्हता. पुढे मूत्रपिंडाच्या विकारानेच यंग यांचा मृत्यू झाला. परंतु आजार खरा असणे आणि आजाराचा वापर करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. प्रश्न असा की ज्याला युद्धाला अयोग्य ठरवले, त्याला पुढे अडीच वर्षांच्या आत त्याच लायबेरियात कसे पाठवले? जिथे तो एकदा तापाने मरता मरता वाचला होता, तिथे जायला तो तंदुरुस्त, आणि गोऱ्यांवर हुकूम चालवायला तेवढा आजारी! कोणत्याही न्यायालयात हा विरोधाभास टिकणार नाही. पण हे प्रकरण न्यायालयापुढे कधी गेलेच नाही. ते कचेरीतल्या कचेरीत मिटवले गेले.

कृष्णवर्णीयांच्या वृत्तपत्रांनी आवाज उठवला, पत्रे गेली, निवेदने गेली. त्याच काळात आयोवातील फोर्ट डी मॉइन येथे सहाशेहून अधिक कृष्णवर्णीय अधिकारी तयार होत होते, आणि त्यांच्यातला सर्वांत ज्येष्ठ माणूस घरी बसवला गेला होता. अखेर जून १९१८ मध्ये ५४ वर्षांच्या यंग यांनी घोड्यावर खोगीर चढवले. विल्बरफोर्सहून निघून ४९७ मैलांचा प्रवास त्यांनी १६ दिवसांत केला. प्रत्येक तासातली पंधरा मिनिटे ते पायी चालत. वॉशिंग्टनला पोहोचून त्यांनी युद्धमंत्र्यांची भेट घेतली. ज्या देहाला अयोग्य म्हटले होते, तो देहच त्यांनी पुरावा म्हणून हजर केला.

पुरावा मान्य झाला, पण कधी? ६ नोव्हेंबर १९१८ रोजी त्यांना पुन्हा सक्रिय सेवेत घेतले आणि ११ नोव्हेंबरला युद्ध संपले! न्याय दिल्याची नोंद झाली आणि न्यायाचा उपयोग मात्र होऊ दिला नाही. उशीर हा येथे अपघात नव्हता, तोच खरा आदेश होता. त्यांना इलिनॉयमधील कॅम्प ग्रँट येथे सैनिकांच्या प्रशिक्षणावर नेमले आणि नंतर लायबेरियाला पाठवले. ८ जानेवारी १९२२ रोजी नायजेरियातील लागोस येथे त्यांचे निधन झाले. त्यांचे पार्थिव मायदेशी आणून १ जून १९२३ रोजी आर्लिंग्टन येथे लष्करी इतमामाने दफन करण्यात आले. नवव्या घोडदळातील बेंजामिन डेव्हिस या साध्या सैनिकाला अधिकारीपदाच्या परीक्षेसाठी यंग यांनी तयार केले होते. तेच डेव्हिस १९४० साली अमेरिकेचे पहिले कृष्णवर्णीय ब्रिगेडियर जनरल झाले. गुरूला नाकारलेली जागा शिष्याला मिळायला तेवीस वर्षे लागली.

आपल्याकडे काय घडत होते? एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस महारांची सैन्यभरती बंद झाली. गोपाळबाबा वलंगकरांनी त्याविरुद्ध विनंतीपत्र तयार केले, शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० साली भारतमंत्र्यांकडे अर्ज केला. ज्या १९१७ साली यंग यांना निवृत्त केले गेले, त्याच साली युद्धाची गरज म्हणून १११वी महार पलटण उभी राहिली आणि गरज संपताच १९२१ साली मोडली गेली. महार रेजिमेंट उभी राहायला १ ऑक्टोबर १९४१ उजाडला, तोही बाबासाहेबांच्या पाठपुराव्यामुळे. दोन देश वेगळे, वर्ण आणि जात वेगळी, पण रीत एकच : अडचण असली की हाक मारायची, अधिकार द्यायची वेळ आली की नियम काढायचा.

आज अमेरिकेत लष्करी नोंदी दुरुस्त करण्यासाठी स्वतंत्र मंडळ आहे. वेस्ट पॉइंटचे पहिले कृष्णवर्णीय पदवीधर हेन्री फ्लिपर यांना १८८२ साली बडतर्फ केले होते. १९७६ साली त्यांची नोंद बदलून ती सन्माननीय सेवामुक्ती करण्यात आली. चूक कबूल करणारी यंत्रणा असणे चांगलेच, आम्ही तिचे स्वागत करतो. पण मानद हुद्द्याने थकीत वेतन मिळत नाही, गेलेली रेजिमेंट मिळत नाही, आणि तो हुद्दा खांद्यावर मिरवायला माणूसही उरलेला नसतो. मरणोत्तर सन्मानाने समाजाचे मन हलके होते, अन्यायग्रस्ताचे नुकसान भरून निघत नाही.

म्हणून चळवळीतील कर्मचारी-अधिकारी बांधव-भगिनींना आमचे सांगणे आहे. वकिली करताना आम्ही पाहतो की आपली माणसे अन्याय सोसतात, पण त्याचा कागद जपत नाहीत. अर्ज तोंडी करू नका, लेखी करा आणि त्याची पोच घ्या. सेवाज्येष्ठता यादी प्रसिद्ध झाली की मुदतीतच हरकत नोंदवा. वैद्यकीय अहवालाची, गोपनीय अहवालाची प्रत मागा. कोणता निर्णय कोणत्या तारखेला झाला आणि तुम्हाला कधी कळवला गेला, हे दोन्ही लिहून ठेवा. यंग यांच्यावरचा अन्याय आज सिद्ध करता येतो तो कोणाच्या भावनेवरून नाही, जून आणि जुलै १९१७ च्या त्या कागदांवरूनच. आणि संघटनांनीही एकेका कर्मचाऱ्याचे प्रकरण क्षुल्लक समजून सोडू नये. ते तो सेवेत असतानाच धसास लावावे, म्हणजे त्याच्या नातवंडांना त्याच्या छायाचित्रासमोर उभे राहून बढतीचा आदेश स्वीकारावा लागणार नाही.