बिअ‍ॅट्रिक्स पॉटर : पत्रातून पुस्तकात आलेला ससा

४ सप्टेंबर १८९३ रोजी स्कॉटलंडमधील डंकेल्ड येथून लंडनला एक पत्र निघाले. ते पाच वर्षांच्या नोएल मूर या आजारी मुलासाठी होते. त्याला काय लिहावे हे न सुचल्याने पत्र लिहिणारीने चार सशांची गोष्ट रचली आणि मजकुराच्या मधेमधे शाईने चित्रे काढली. तेव्हा तिचे वय २७ होते आणि तिच्या नावावर एकही गोष्टीचे पुस्तक नव्हते. पुढे जगभर वाचल्या गेलेल्या पीटर रॅबिटचा हा जन्म. मात्र पत्राचे दुकानात विकले जाणारे पुस्तक होण्यास नऊ वर्षे लागली.

हेलन बिअ‍ॅट्रिक्स पॉटर २८ जुलै १८६६ रोजी लंडनमध्ये एका सधन कुटुंबात जन्मली. घरातील संपत्ती लँकेशायरच्या सुती कापडाच्या धंद्यातून आलेली होती. वडील रूपर्ट बॅरिस्टर होते, परंतु वकिलीपेक्षा त्यांचा ओढा छायाचित्रणाकडे अधिक होता. मुलीला शाळेत घातले गेले नाही. शिकवायला शिक्षिका घरी येत. समवयस्क मैत्रिणी जवळजवळ नव्हत्याच. सोबत होती ती धाकटा भाऊ बर्ट्रम याची, आणि वरच्या मजल्यावरील अभ्यासिकेत पाळलेल्या ससे, उंदीर, बेडूक, वटवाघळे यांची. ही माया भाबडी नव्हती. एखादा प्राणी मेला की ही भावंडे तो उकळून त्याचा सांगाडा जुळवीत आणि त्याचे चित्र काढीत. तिच्या चित्रांतील ससा निळा कोट घालूनही खराखुरा ससाच का वाटतो, याचे उत्तर बहुधा इथे आहे. भाऊ शाळेत गेल्यावर ती आणखी एकटी पडली. पंधराव्या वर्षाच्या सुमारास तिने स्वतः तयार केलेल्या सांकेतिक लिपीत रोजनिशी लिहिण्यास आरंभ केला आणि तिशीपर्यंत ती लिहिली. ती लिपी उलगडली १९५८ मध्ये, लेस्ली लिंडर या अभ्यासकाकडून.

पुस्तकाआधी तिने दुसरी एक वाट धुंडाळली होती. अळंबीची शेकडो सूक्ष्म चित्रे काढता काढता तिने बीजाणू कसे रुजतात याचा अभ्यास केला. १८९७ मध्ये तिचा निबंध लंडनच्या लिनियन सोसायटीत सादर झाला. सभेत स्त्रियांना प्रवेश नसल्याने तिला स्वतः तो वाचता आला नाही. निबंध मागे घेतला गेला आणि तो मार्ग तिथेच थांबला.

नोएलची आई अ‍ॅनी मूर ही एकेकाळी बिअ‍ॅट्रिक्सची शिक्षिका होती. मुलांना येणाऱ्या चित्रपत्रांची पुस्तके का करू नयेत, असे तिनेच १९०० मध्ये सुचविले. मुलांनी पत्रे जपून ठेवली होती. बिअ‍ॅट्रिक्सने सशाचे पत्र मुलाकडून उसने मागून घेतले, त्याची नक्कल केली आणि गोष्ट वाढविली. सहा प्रकाशकांनी ती परत पाठविली. एक अडचण आकाराची होती. पुस्तक लहान मुलाच्या हातात मावावे आणि स्वस्त असावे, हा तिचा आग्रह. प्रकाशकांना मोठे, महागडे पुस्तक हवे होते. नव्या लेखिकेने अशा वेळी माघार घेतली असती तर कोणी नावे ठेवली नसती. तिने मात्र साठविलेल्या पैशांतून डिसेंबर १९०१ मध्ये २५० प्रती स्वतः छापून घेतल्या. त्या पाहता पाहता संपल्या, तेव्हा आणखी २०० छापल्या.

यानंतर आधी नकार देणाऱ्या फ्रेडरिक वॉर्न आणि कंपनीने चित्रे रंगीत करण्याच्या अटीवर होकार दिला. तिने चित्रे पुन्हा रंगविली, काही चित्रे आणि मजकूर गाळला. ऑक्टोबर १९०२ मध्ये पुस्तक आले. पहिल्या आवृत्तीच्या ८,००० प्रती होत्या आणि वर्ष संपेपर्यंत हा आकडा २८,००० वर गेला. किंमत साधी आवृत्ती एक शिलिंग. अमेरिकेत स्वामित्वहक्काची नोंद न झाल्याने तिथे चोरट्या आवृत्त्या निघाल्या. तिने १९०३ मध्येच पीटरच्या बाहुलीचे पेटंट घेतले, यावरून तिची व्यवहारदृष्टी कळते.

या गोष्टी गोडमिट्ट नाहीत, हे आवर्जून सांगितले पाहिजे. पीटरच्या बापाचे काय झाले हे त्याची आई पहिल्याच पानांत सांगून टाकते : तो मॅकग्रेगरबाईंच्या पायमध्ये, म्हणजे भाजलेल्या कणकेच्या आवरणातील सारणात, गेला. मुलांना अधूनमधून एखादा अवघड शब्दही आवडतो, असे तिचे मत होते आणि तो शब्द ती बदलू देत नसे. आपल्याकडील कित्येक बालसाहित्यिकांना मुलांच्या समजुतीवर एवढा भरवसा नसतो.

पुस्तकांच्या निमित्ताने वॉर्न कुटुंबातील नॉर्मन वॉर्न या संपादकाशी रोजचा पत्रव्यवहार सुरू झाला. जुलै १९०५ मध्ये त्याने तिला लग्नाची मागणी घातली. ती ३९ वर्षांची होत होती. तिने होकार दिला. आईवडिलांनी विरोध केला. धंदेवाईक घरात मुलगी द्यायची कशी, हा त्यांचा आक्षेप, आणि त्यांची स्वतःची श्रीमंती धंद्यातलीच! महिन्याभरात, २५ ऑगस्टला, नॉर्मनचा रक्ताच्या कर्करोगाने मृत्यू झाला. साखरपुडा जाहीरही झालेला नसल्याने तिला उघड शोक करण्याचीही सोय नव्हती.

त्याच वर्षी तिने पुस्तकांचे मानधन आणि मावशी-आत्यांपैकी एकीकडून आलेला वारसा यांतून लेक डिस्ट्रिक्टमधील निअर सॉरी गावची हिल टॉप ही शेतवाडी विकत घेतली. पुढच्या आठ वर्षांत तिचे बरेचसे उत्तम काम झाले. टॉम किटन (१९०७), जेमिमा पडलडक (१९०८) या गोष्टींत त्याच वाडीचे जिने, फाटके आणि भाजीचे वाफे दिसतात. १९१३ मध्ये तिने विल्यम हीलिस या स्थानिक वकिलाशी लग्न केले. मग पुस्तके विरळ होत गेली. दृष्टी मंदावली होती आणि शेती अधिक आवडू लागली होती. हर्डविक जातीच्या मेंढ्यांची जाणकार म्हणून पंचक्रोशीत ती मिसेस हीलिस याच नावाने ओळखली जाई.

२२ डिसेंबर १९४३ रोजी तिचे निधन झाले. तिने चार हजार एकरांहून अधिक जमीन आणि अनेक शेतवाड्या नॅशनल ट्रस्टला दिल्या. तिची रक्षा तिच्या मेंढपाळाने सॉरीजवळच्या टेकडीवर विखुरली. नेमकी कुठे, हे तिच्या सांगण्यावरून गुप्त ठेवण्यात आले.