नारायण धारप

नारायण गोपाळ धारप (२७ ऑगस्ट १९२५ – १८ ऑगस्ट २००८) हे मराठीतील भयकथा, गूढकथा व विज्ञानकथांचे लेखक होते. शंभराहून अधिक पुस्तके त्यांच्या नावावर आहेत. अशुभ शक्तींशी झुंजणारे 'समर्थ' हे त्यांचे पात्र विशेष लोकप्रिय झाले. 'लुचाई' ही कादंबरी स्टीफन किंगच्या 'सेलम्स लॉट'वर बेतलेली आहे. मात्र परकी कल्पना मराठी घरात रुजवण्याची हातोटी धारपांची स्वतःची.

१९९३ साली नागपूरच्या पूर्वेकडील नागझिरा अभयारण्यात राही अनिल बर्वे यांनी मित्राकडून धारपांची एक कथा ऐकली. त्या प्रभावातून पुढे 'तुंबाड' (२०१८) हा हिंदी चित्रपट घडला. तो पाहण्यास धारप हयात नव्हते. त्यातील शापित आजीला मरण नाही. तिचा देह विद्रूप होत जातो आणि अखेर त्यातून झाड उगवते. दृश्य किळसवाणे खरे, पण प्रेक्षक हेलावतो तो तिने नातवाकडे मागितलेल्या सुटकेमुळे. ज्या माणसाला आपल्या हाताने भरवायचे, त्याचेच भय वाटावे, ही धारपांच्या लेखनाची नस येथे अचूक पकडली आहे. समीक्षेने त्यांना रंजनपर ठरवून बाजूस ठेवले. वाचनालयांतील त्यांच्या पुस्तकांची जीर्ण पाने मात्र वेगळीच साक्ष देतात.