विश्लेषण : सात वर्षांपूर्वीचे पत्र परत मागितले आणि ‘पीटर रॅबिट’चे पुस्तक झाले! बीट्रिक्स पॉटर यांच्या जुन्या चित्रांची गोष्ट काय?

निळा कोट घातलेला खोडकर ससा म्हणजेच पीटर रॅबिट. सिनेमा, कार्टून, लहान मुलांचे कपडे, डबे-बाटल्या अशा सगळीकडे तो आज दिसतो. तो ज्यांच्या हातून उतरला, त्या ब्रिटिश लेखिका-चित्रकार बीट्रिक्स पॉटर यांचे निधन 1943 मध्ये झाले. मात्र त्यांचे एक पुस्तक थेट 2016 मध्ये बाजारात आले. पॉटर यांची बरीचशी पुस्तके जुनी पत्रे, बाजूला पडलेली रेखाटने आणि अर्धवट सोडलेल्या गोष्टी यांतून तयार झाली. हे कसे घडले आणि यातले काय कायमचे हरवले, हे समजून घेऊ.

बीट्रिक्स पॉटर कोण होत्या?

त्यांचा जन्म 28 जुलै 1866 रोजी लंडनच्या केन्सिंग्टन भागात एका श्रीमंत कुटुंबात झाला. त्या कधी शाळेत गेल्या नाहीत. शिकवायला घरीच शिक्षिका येत. त्या आणि त्यांचा धाकटा भाऊ बर्ट्रम यांनी घरात ससे, उंदीर, बेडूक, वटवाघूळ, हेजहॉग असे कितीतरी प्राणी पाळले होते. त्यांचे निरीक्षण करायचे आणि चित्रे काढायची, हाच दिवसभराचा उद्योग होता. सुट्ट्यांमध्ये कुटुंब स्कॉटलंडला आणि 1882 पासून इंग्लंडच्या लेक डिस्ट्रिक्टलाही जाऊ लागले. किशोरवयापासून त्यांनी स्वतः तयार केलेल्या सांकेतिक लिपीत रोजनिशी लिहिली. ती लिपी इतकी पक्की होती की, त्यांच्या निधनानंतर 15 वर्षांनी, म्हणजे 1958 मध्ये, लेस्ली लिंडर या अभ्यासकाला ती उलगडता आली.

पहिली कमाई कशी झाली?

1890 मध्ये एका शुभेच्छापत्रे छापणाऱ्या कंपनीने त्यांची सशाची चित्रे 6 पौंडांना विकत घेतली. या चित्रांसाठी त्यांनी आपला पाळीव ससा बेंजामिन समोर बसवला होता. पण चित्रकार म्हणून नाव होण्यास अजून एक तप जायचे होते.

पत्रातला ससा पुस्तकात कसा आला?

4 सप्टेंबर 1893. पॉटर स्कॉटलंडमध्ये होत्या. त्यांच्या पूर्वीच्या शिक्षिका अ‍ॅनी मूर यांचा पाच वर्षांचा मुलगा नोएल आजारी होता. त्याला रिझवण्यासाठी पॉटर यांनी चार सशांची गोष्ट चित्रांसह पत्रात लिहून पाठवली. दुसऱ्या दिवशी नोएलचा भाऊ एरिक याला मासे पकडायला निघालेल्या बेडकाची गोष्ट गेली.

ही पत्रे घरगुती होती, छापण्यासाठी नव्हती. पुढे 1900 च्या सुमारास अ‍ॅनी यांनीच सुचवले की, यातून पुस्तके होऊ शकतात. पॉटर यांच्याकडे मात्र मूळ पत्र नव्हते. त्यांनी नोएलला विचारले आणि सुदैवाने त्याने ते जपून ठेवले होते. पत्र उसने घेतले गेले, त्याची नक्कल झाली, गोष्ट वाढवली आणि चित्रे नव्याने काढली.

पुढचा प्रवासही सोपा नव्हता. अनेक प्रकाशकांनी पुस्तक नाकारले. अखेर डिसेंबर 1901 मध्ये पॉटर यांनी स्वखर्चाने 250 प्रती छापल्या. एक चित्र वगळता सगळी चित्रे एकरंगी होती. नंतर फ्रेडरिक वॉर्न कंपनी तयार झाली, पण तिची अट होती रंगीत चित्रांची. ऑक्टोबर 1902 मध्ये रंगीत आवृत्ती आली. पुस्तक लहान मुलांच्या हातात मावेल एवढे छोटे आणि स्वस्त असावे, हा पॉटर यांचा आग्रह होता. आवृत्त्या भराभर संपत गेल्या.

हा एकदाच घडलेला योगायोग होता का?

नाही, पुढे तीच त्यांची कामाची पद्धत झाली. ग्लॉस्टरच्या शिंप्याची गोष्ट त्यांनी 1901 च्या नाताळात नोएलची बहीण फ्रेडा हिला हस्तलिखित वही म्हणून भेट दिली होती. तीही उसनी मागून घेतली आणि 1903 मध्ये वॉर्नने तिचे पुस्तक काढले. एरिकच्या पत्रातला बेडूक 1906 मध्ये ‘जेरेमी फिशर’ झाला. म्हणजे पत्रापासून पुस्तकापर्यंत 13 वर्षे गेली.

इथे एक बाब महत्त्वाची आहे. जुने चित्र जसेच्या तसे छापायला त्या सहसा देत नसत. जुन्या कागदावरून गोष्टीचा सांगाडा घ्यायचा, प्राणी पुन्हा समोर ठेवून पाहायचा आणि मग नवे चित्र काढायचे, असा क्रम होता.

जुन्या चित्रांनी प्रकाशकाला कसे वाचवले?

प्रकाशक कुटुंबातले नॉर्मन वॉर्न हे पॉटर यांचे संपादक होते. जुलै 1905 मध्ये दोघांचे लग्न ठरले, पण महिनाभरातच नॉर्मन यांचे निधन झाले. बालगीतांचे एक मोठे सचित्र पुस्तक दोघांनी योजले होते. ते तसेच राहिले. त्याच वर्षी पॉटर यांनी लेक डिस्ट्रिक्टमधील निअर सॉरी गावात हिल टॉप हे शेत विकत घेतले. 1913 मध्ये, वयाच्या 47 व्या वर्षी, त्यांनी स्थानिक वकील विल्यम हीलिस यांच्याशी विवाह केला.

1917 मध्ये नॉर्मन यांचे भाऊ हॅरॉल्ड यांना बनावट दस्तऐवजांच्या प्रकरणात अटक झाली आणि कंपनी बुडण्याच्या बेतात आली. नवे पुस्तक तातडीने हवे होते. तोपर्यंत पॉटर यांची नजर अधू होऊ लागली होती आणि शेतीत वेळ जात होता. नव्याने सगळे काढणे शक्य नव्हते. मग बालगीतांच्या त्या अर्धवट पुस्तकासाठीची जुनी चित्रे बाहेर निघाली. त्यांतून 1917 मध्ये ‘अ‍ॅपली डॅपली’ आणि 1922 मध्ये ‘सेसिली पार्सली’ ही पुस्तके झाली. नॉर्मन यांच्यासोबत योजलेले मोठे पुस्तक कधीच झाले नाही, पण त्याच्या तुकड्यांनी त्यांच्या घरच्या कंपनीला हात दिला.

मग हरवले काय?

पॉटर यांचे आणखी एक मोठे काम होते अळंबीचे. सूक्ष्मदर्शकाखाली पाहून त्यांनी अळंबीची शेकडो अचूक चित्रे काढली आणि त्यांच्या बीजाणूंवर प्रयोगही केले. 1 एप्रिल 1897 रोजी त्यांचा शोधनिबंध लंडनच्या लिनियन सोसायटीत मांडला गेला. महिलांना बैठकीला प्रवेश नसल्याने तो क्यू उद्यानातील जॉर्ज मॅसी यांनी मांडला. पुढे तो मागे घेतला गेला आणि आज त्याची प्रत उपलब्ध नाही. संस्थेने पॉटर यांना नीट वागवले नाही, हे मान्य व्हायला 1997 साल उजाडले.

त्यांची अळंबीची चित्रे मात्र टिकली. त्यांतील अनेक चित्रे अँबलसाइड येथील आर्मिट संग्रहालयात आहेत. 1967 मध्ये बुरशीशास्त्रावरील एका पुस्तकात ती वापरलीही गेली. चित्रे जपली गेली म्हणून कामाला आली. निबंध कोणी जपला नाही, त्यामुळे त्यातले विज्ञान किती पुढचे होते याचा आज केवळ अंदाज बांधावा लागतो.

2016 मध्ये आलेले पुस्तक कोणते?

1914 मध्ये पॉटर यांनी ‘किटी इन बूट्स’ ही एका मांजरीची गोष्ट लिहिली. महायुद्ध, नवा संसार, आजारपण यात ती मागे पडली. रंगवून पूर्ण केलेले चित्र एकच होते. 2013 मध्ये प्रकाशन क्षेत्रातील जो हँक्स यांना लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात हस्तलिखिते सापडली. 2016 मध्ये, पॉटर यांच्या जन्माच्या दीडशेव्या वर्षी, क्वेंटिन ब्लेक यांच्या चित्रांसह गोष्ट प्रसिद्ध झाली. चित्रे दुसऱ्याच्या हातची असल्याने, हे पुस्तक पॉटर यांचे किती, हा प्रश्न उरतोच. मात्र मजकूर त्यांचाच होता आणि तो छापण्याची त्यांची इच्छाही होती.

शेवटची वर्षे कशी गेली?

उत्तरायुष्यात त्या हर्डविक मेंढ्यांच्या नामांकित पालक होत्या. पुस्तकांच्या पैशातून त्यांनी एकेक शेत विकत घेतले. 22 डिसेंबर 1943 रोजी त्यांचे निधन झाले, तेव्हा 4 हजारांहून अधिक एकर जमीन त्यांनी नॅशनल ट्रस्ट या संस्थेसाठी ठेवली. तो लेक डिस्ट्रिक्ट 2017 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आला.

लेस्ली लिंडर यांनी जमवलेला पॉटर यांच्या चित्रांचा आणि हस्तलिखितांचा दोन हजारांहून अधिक वस्तूंचा संग्रह आता व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. ‘किटी इन बूट्स’ याच संग्रहालयात सापडली. आणि नोएलने सात वर्षे ते पत्र सांभाळले नसते, तर पीटर रॅबिटची सुरुवात तरी झाली असती का, सांगता येत नाही.