बलवंतराय मेहता : गावाच्या कारभारात गावाला जागा देणारे नेते

घरकुलाच्या यादीत नाव आहे की नाही, निराधार योजनेच्या अर्जाला कोणता दाखला जोडायचा, नळाला पाणी का येत नाही, हे विचारायला तुम्ही सर्वांत आधी ग्रामपंचायत कार्यालयात जाता. गावाला ग्रामपंचायत, तिच्यावर पंचायत समिती आणि जिल्ह्याला जिल्हा परिषद ही साखळी तुमच्या ओळखीची आहे. या तिन्ही ठिकाणी निवडून आलेली माणसे बसतात, हेही तुम्हाला ठाऊक आहे.

ही साखळी उभारावी अशी शिफारस 1957 मध्ये एका समितीने केली. तिचे अध्यक्ष होते बलवंतराय मेहता. स्पर्धा परीक्षेला बसणारी मुले हे नाव पाठ करतात. पण योजनांचा लाभ घेणाऱ्या प्रत्येकाने या माणसाची ओळख करून घ्यावी असे त्याचे काम आहे. योजना गावात येते, पण गावाला कोणी विचारत नाही, ही अडचण त्यांनी ओळखली आणि तिच्यावर उपाय सुचवला. तो उपाय पूर्ण व्हायला तुमची गरज आहे, म्हणून ही माहिती.

संस्थानातील एक तरुण

बलवंतराय यांचा जन्म एकोणिसाव्या शतकाच्या अगदी अखेरीस, 19 फेब्रुवारीला, सौराष्ट्रातील भावनगर संस्थानात एका मध्यमवर्गीय कुटुंबात झाला. त्यांनी बी. ए. पर्यंतचे शिक्षण पूर्ण केले. 1920 मध्ये असहकाराची चळवळ सुरू झाली, तेव्हा परक्या सरकारच्या हातून पदवी घ्यायची नाही असे ठरवून त्यांनी ती नाकारली आणि चळवळीत उडी घेतली.

त्या काळी देशाचा मोठा भाग संस्थानांत विभागलेला होता. संस्थानातील माणसावर दुहेरी सत्ता होती : जवळ राजा आणि त्याच्यावर इंग्रज सरकार. कर किती भरायचा, तो कशावर खर्च होतो, हे विचारण्याची सोय बहुतेक ठिकाणी सामान्य माणसाला नव्हती. ही सोय मिळावी म्हणून बलवंतराय यांनी 1921 मध्ये भावनगरमध्ये प्रजामंडळ स्थापन केले. पुढे देशभरातील संस्थानी प्रजेची अखिल भारतीय परिषद उभी राहिली आणि तिचे सरचिटणीस म्हणूनही त्यांनी काम केले.

1928 चा बारडोलीचा सत्याग्रह, 1930 ते 1932 ची कायदेभंगाची चळवळ, 1942 चे भारत छोडो आंदोलन, या सगळ्यांत ते होते. स्वातंत्र्यापूर्वी त्यांची एकूण सुमारे 7 वर्षे तुरुंगात गेली.

जानेवारी 1948 मध्ये भावनगरच्या महाराजांनी राज्यकारभार लोकांच्या प्रतिनिधींकडे सोपवला. ज्या संस्थानात त्यांनी प्रजेचा हक्क मागितला, तेथेच लोकांच्या मंत्रिमंडळाचे नेतृत्व त्यांच्याकडे आले. देशाची राज्यघटना तयार करणाऱ्या संविधान सभेचेही ते सदस्य होते. 1952 आणि 1957 मध्ये ते लोकसभेवर निवडून गेले. सरकार पैसा कसा खर्च करते हे तपासणाऱ्या लोकसभेच्या अंदाज समितीचे अध्यक्षपद त्यांनी सांभाळले. हिशेब पाहण्याची ही सवय पुढे देशाच्या उपयोगी पडली.

योजना आल्या, गाव मात्र बाजूलाच राहिले

2 ऑक्टोबर 1952 रोजी देशात सामुदायिक विकास कार्यक्रम सुरू झाला. शेती, पाणी, रस्ते, शाळा, आरोग्य ही कामे गटागटाने करायची होती. प्रत्येक गटाला गटविकास अधिकारी आणि गावांसाठी ग्रामसेवक नेमले गेले. हेतू चांगला होता. लोकांनी स्वतः पुढे यावे आणि सरकारने त्यांना हात द्यावा, अशी कल्पना होती.

प्रत्यक्षात उद्दिष्टे वरून ठरत गेली. किती विहिरी, किती रस्ते, किती खत हे आकडे वरच्या कार्यालयात तयार होत आणि खाली पूर्ण करण्यासाठी येत. गावाला काय हवे आहे हे विचारले जात नसे. मग बांधलेली वस्तू गावाला आपली वाटत नसे, आणि जी आपली वाटत नाही तिची देखभालही कोणी करत नसे.

जानेवारी 1957 मध्ये सरकारने या कार्यक्रमाची तपासणी करण्यासाठी बलवंतराय यांच्या अध्यक्षतेखाली एक अभ्यासगट नेमला. काटकसर कशी करता येईल आणि काम अधिक चांगले कसे होईल, हे त्याने सांगायचे होते. अभ्यासगटाने राज्याराज्यांतील कामाची पाहणी केली आणि 24 नोव्हेंबर 1957 रोजी अहवाल दिला.

विचारला होता खर्चाचा प्रश्न, उत्तर मात्र अधिकाराचे मिळाले. लोकांचा पुढाकार जागा करण्यात हा कार्यक्रम सर्वांत कमी पडला, असा अहवालाचा निष्कर्ष होता. गावाचे निर्णय घेण्याची सत्ता आणि जबाबदारी लोकांनी निवडलेल्या संस्थेकडे दिल्याशिवाय पैसा कितीही ओतला तरी विकास टिकणार नाही, असे त्याने स्पष्ट केले.

समितीने काय सुचवले?

* गाव, गट आणि जिल्हा अशा तीन पातळ्यांवर एकमेकींशी जोडलेल्या संस्था असाव्यात.
* ग्रामपंचायत थेट मतदानाने निवडली जावी. तीत दोन महिला, तसेच अनुसूचित जाती आणि अनुसूचित जमातीचा प्रत्येकी एक सदस्य नियुक्त करून घ्यावा.
* पाणीपुरवठा, स्वच्छता, दिवाबत्ती, रस्त्यांची देखभाल, गावाच्या नोंदी ठेवणे आणि मागास घटकांचे कल्याण ही ग्रामपंचायतीची कामे असावीत.
* घरपट्टी, बाजार आणि वाहनांवरील कर, पाणीपट्टी, कोंडवाड्याचे उत्पन्न आणि वरून मिळणारे अनुदान यांतून ग्रामपंचायतीचा खर्च चालावा.
* विकासाची मुख्य जबाबदारी गटपातळीवरच्या पंचायत समितीकडे असावी. जिल्हा परिषदेने सल्ला आणि देखरेख करावी.
* जबाबदारी देताना पुरेसा पैसाही द्यावा.

यातला शेवटचा मुद्दा विशेष महत्त्वाचा आहे. काम सोपवायचे आणि पैसा स्वतःकडे ठेवायचा, असे झाले तर निवडून आलेला सरपंच नावापुरता राहतो. पैसा आपल्या हाती असेल तर त्याचा हिशेबही आपल्याच गावात मागता येतो.

नागौरपासून सुरुवात

2 ऑक्टोबर 1959 रोजी पंडित जवाहरलाल नेहरू यांच्या हस्ते राजस्थानातील नागौर येथे पंचायत राज व्यवस्थेचा आरंभ झाला. त्याच वर्षी आंध्र प्रदेशनेही ती स्वीकारली. मग एकेक राज्य पुढे आले, पण प्रत्येकाने आपल्या गरजेप्रमाणे बदल केले. महाराष्ट्रात वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींनुसार 1961 चा कायदा झाला आणि गटापेक्षा जिल्हा परिषदेला अधिक बळ देण्यात आले.

म्हणूनच आज तुम्ही कोणत्या राज्यात राहता यावर काही नावे बदलतात. महाराष्ट्रात आणि गुजरातमध्ये सरपंच असतो, उत्तर प्रदेशात ग्रामप्रधान, बिहारमध्ये मुखिया. गुजरातमध्ये पंचायतीचे दफ्तर तलाठी सांभाळतो, कर्नाटकात पंचायत विकास अधिकारी असतो, तर महाराष्ट्रात ग्रामसेवक हे नाव लोकांच्या तोंडी आहे. नावे वेगळी असली तरी तुमचा प्रश्न विचारण्याची जागा तीच आहे.

सप्टेंबर 1963 मध्ये बलवंतराय गुजरातचे मुख्यमंत्री झाले. ज्या व्यवस्थेची त्यांनी शिफारस केली होती, ती त्याच वर्षी एप्रिलपासून गुजरातमध्ये लागू झालेली होती. ती चालवून पाहण्याची संधी त्यांना मिळाली, पण फार थोडा काळ. 1965 च्या भारत-पाकिस्तान युद्धात, 19 सप्टेंबर रोजी, ते छोट्या विमानाने कच्छच्या सीमाभागाकडे निघाले होते. पाकिस्तानच्या लढाऊ विमानाने ते विमान पाडले. बलवंतराय, त्यांच्या पत्नी सरोजबेन आणि बरोबरचे सर्वजण, मिळून 8 जण मृत्युमुखी पडले.

अपुरे राहिलेले काम

बलवंतराय यांच्या अहवालात एक उणीव होती. त्यात निवडून आलेल्या पंचायतींचा बारकाईने विचार होता, पण सगळ्या गावाने एकत्र बसून प्रश्न विचारायच्या ग्रामसभेला ठळक स्थान नव्हते. पाच-दहा पंच निवडून द्यायचे आणि पाच वर्षे गप्प बसायचे, एवढ्याने गावाचा कारभार लोकांचा होत नाही. ही उणीव लवकरच लक्षात आली आणि ग्रामसभेचा विचार करण्यासाठी रं. रा. दिवाकर यांच्या अध्यक्षतेखाली वेगळा अभ्यासगट नेमावा लागला. त्याचा अहवाल 1963 मध्ये आला.

पुढे अनेक राज्यांत पंचायतींच्या निवडणुका वर्षानुवर्षे लांबल्या. अखेर 73 वी घटनादुरुस्ती झाली आणि ती 24 एप्रिल 1993 पासून लागू झाली. ग्रामसभेला राज्यघटनेत स्थान मिळाले. पंचायतीची मुदत 5 वर्षे ठरली. महिलांसाठी किमान एक तृतीयांश जागा राखीव झाल्या, आणि महाराष्ट्रासह अनेक राज्यांनी पुढे हे प्रमाण निम्म्यापर्यंत नेले. पंचायतींकडे सोपवता येतील असे 29 विषय घटनेच्या अकराव्या अनुसूचीत नोंदवले गेले. 24 एप्रिल हा दिवस आता राष्ट्रीय पंचायती राज दिन म्हणून पाळला जातो.

2005 च्या राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायद्याने आणखी एक पाऊल टाकले. कामांचे सामाजिक अंकेक्षण, म्हणजे गावासमोर कामाची आणि पैशाची तपासणी, ग्रामसभेने करावी असे त्यात म्हटले. भावनगरच्या प्रजेला राजाकडे जो हिशेब मागायचा होता, तो आता तुम्ही आपल्या गावात कायद्याने मागू शकता.

तुमची जागा तुम्ही कशी वापराल?

1. तुम्ही ग्रामसभेचे सदस्य आहात. गावाच्या मतदार यादीत नाव असलेली प्रत्येक व्यक्ती ग्रामसभेची सदस्य असते. त्यासाठी वेगळा अर्ज किंवा शुल्क नाही. सरपंचाच्या बाजूने मत दिले की विरोधात, याने काही फरक पडत नाही.

2. सभेची तारीख विचारून ठेवा. महाराष्ट्रात वर्षातून किमान 4 ग्रामसभा घ्याव्या लागतात. इतर राज्यांचे नियम वेगळे आहेत. 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबर या दिवसांच्या आसपास अनेक ठिकाणी सभा होतात. सूचना फलकावर लागते, काही गावांत दवंडी दिली जाते, काही ठिकाणी मोबाइलवर संदेश येतो. तुमच्या वस्तीपर्यंत सूचना पोहोचत नसेल तर तसे लेखी कळवा.

3. गणपूर्तीसाठी तरी हजर राहा. ठरलेल्या संख्येइतके लोक आले नाहीत तर सभा तहकूब होते. काही राज्यांत तीच सभा पुन्हा भरते तेव्हा गणपूर्तीची अट राहत नाही. मग मोजक्या लोकांनी घेतलेला निर्णय सगळ्या गावाचा ठरतो.

4. लाभार्थ्यांची यादी वाचून दाखवायला सांगा. ग्रामीण घरकुल योजनेची यादी ग्रामसभेपुढे पडताळली जाते. पात्र कुटुंब सुटले असेल किंवा अपात्र नाव आले असेल तर तेथेच हरकत नोंदवा आणि ती इतिवृत्तात लिहिली गेली का, ते पाहा. तोंडी हरकतीचा पुरावा नंतर सापडत नाही.

5. आराखडा आणि खर्च पाहा. ग्रामपंचायत दरवर्षी विकास आराखडा तयार करते. गावनिहाय आराखडा आणि खर्चाची माहिती ई-ग्रामस्वराज पोर्टलवर पाहता येते. मोबाइल नसेल तर गावातील सेवा केंद्रात किंवा शिकलेल्या मुलाकडून पाहून घ्या.

6. माहिती मिळाली नाही तर माहितीचा अधिकार वापरा. 2005 च्या माहिती अधिकार कायद्याखाली ग्रामपंचायतीकडे अर्ज करता येतो आणि साधारणपणे 30 दिवसांत उत्तर मिळाले पाहिजे. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला शुल्क भरावे लागत नाही. अर्जाची पोच जपून ठेवा.

7. महिलांनी महिला सभेत बोलावे. महाराष्ट्रात ग्रामसभेआधी महिलांची स्वतंत्र सभा घेण्याची तरतूद आहे. पाणी, शौचालय, अंगणवाडी, रेशन यांबाबतचे ठराव तेथे मांडून मुख्य सभेपुढे नेता येतात.

बलवंतराय मेहता यांनी राजाच्या राज्यात प्रश्न विचारायला सुरुवात केली आणि पुढे देशाला सांगितले की निर्णय घेण्याचा अधिकार गावाकडे हवा. त्यांनी सुचवलेली साखळी उभी आहे आणि तिच्या तळाशी ग्रामसभा आहे. पुढची सभा कधी आहे, हे आजच ग्रामपंचायतीत जाऊन विचारा, आणि त्या दिवशी शेजारच्या घरातील एका तरी माणसाला बरोबर घेऊन जा.