बंदिनींच्या भेटीला

देवराष्ट्रे हे आजच्या सांगली जिल्ह्यातील एक गाव. तेथील कुर्लेकरांच्या घराण्यात १८६२ साली रमाबाईंचा जन्म झाला. १८७३ साली, अवघ्या अकराव्या वर्षी, महादेव गोविंद रानडे यांच्याशी त्यांचा विवाह झाला. तेव्हा त्यांना अक्षरओळखही नव्हती. माधवरावांनी त्यांना शिकवण्यास आरंभ केला. घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांना हे रुचले नाही. त्यांनी टोचून बोलावे आणि रमाबाईंनी मुकाट्याने सोसावे, असे कित्येक वर्षे चालले. परंतु रमाबाईंनी विद्येची वाट सोडली नाही. आपल्याच माणसांनी दूर लोटले म्हणजे मनाला काय वाटते, हे त्यांना त्या वयातच कळले.

पुढे माधवराव मुंबईच्या उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले. १९०१ साली त्यांचे निधन झाले. रमाबाई पुण्यास राहू लागल्या. काही काळ त्यांनी एकांतात घालवला. मग दुःख आवरून त्या बाहेर पडल्या, त्या इतरांची दुःखे हलकी करण्यासाठीच.

पुण्याच्या मध्यवर्ती कारागृहातील स्त्रियांच्या विभागात त्या नेमाने जात. न्यायमूर्तींची पत्नी बंदिनींच्या भेटीला जाते, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. न्यायालयाने दिलेली शिक्षा मुदत भरताच संपते; लोकांनी दिलेली शिक्षा मात्र पुष्कळदा संपत नाही. सुटून आलेल्या स्त्रीला सासर-माहेर दोन्ही पारखी होतात. अशा वेळी तिचा स्वतःवरचाही विश्वास उडतो. तो उडू नये, म्हणून रमाबाई त्या स्त्रियांच्या मनात स्वाभिमान जागवीत.

पण नुसत्या धीराच्या शब्दांनी पोट भरत नाही. स्त्रीच्या हाती एखादी विद्या असावी, म्हणून १९०९ साली त्यांनी पुण्यात सेवासदनाचे कार्य सुरू केले. तेथे विधवा व निराधार स्त्रिया लिहावयास, शिवावयास आणि रुग्णांची शुश्रूषा करावयास शिकल्या. यात्रेच्या दिवसांत सेवासदनाच्या स्वयंसेविका घेऊन रमाबाई आळंदीस जात व वारकरी स्त्रियांना साहाय्य करीत.

१९२४ साली त्यांचे देहावसान झाले.

आज त्याच आळंदीच्या आसपास, पिंपरी-चिंचवड आणि चाकण येथे, मोठमोठे कारखाने उभे आहेत. काम मागत तेथे असंख्य स्त्रिया येतात. त्यांतील एखादी शिक्षा भोगून आलेली असेल. तिला काम आणि मान दोन्ही मिळाले, तर रमाबाईंनी कारागृहात आरंभिलेले कार्य कारागृहाबाहेर पुरे होईल.