‘कॉन’ नावाचं फोल्डर का बनत नाही? उत्तर गॅरी किल्डॉल यांच्या गोष्टीत आहे

यवतमाळ, वणी, पुसद, कुठल्याही गावात एमएस-सीआयटीचा क्लास केलेल्यांना विचारा. सर नसताना एक गंमत हमखास व्हायची. नवीन फोल्डर करायचं, त्याला सी-ओ-एन असं नाव द्यायचं. कॉम्प्युटर काही ऐकायचा नाही. मग कुणीतरी फॉरवर्ड मेलमधली माहिती सांगायचं, की हा शोध एका भारतीयाने लावलाय आणि खुद्द बिल गेट्सलाही याचं उत्तर देता आलं नाही.

उत्तर आहे, आणि ते विंडोजच्याही आधीचं आहे.

गॅरी किल्डॉल यांचा जन्म १९ मे १९४२ चा, अमेरिकेतल्या सिएटलचा. घरची जहाजविद्येची शाळा होती. गॅरींना गणिताचं मास्तर व्हायचं होतं, पण कॉलेजात कॉम्प्युटर हाती लागला आणि गाडी वळली. पुढे मॉन्टेरीच्या नौदल कॉलेजात शिकवताना त्यांनी इंटेलच्या चिपवर प्रयोग सुरू केले. १९७४ मध्ये तयार झाली सीपी/एम ही ऑपरेटिंग सिस्टीम. पत्नी डोरोथी यांच्यासोबत त्यांनी डिजिटल रिसर्च ही कंपनी काढली.

सीपी/एममध्ये कीबोर्ड-स्क्रीनला नाव होतं कॉन, म्हणजे कन्सोल. फाइल जशी नावाने कॉपी करायची, तशीच ती या नावाने स्क्रीनवर पाठवायची. सोय झकास होती.

१९८० मध्ये आयबीएमची माणसं दारात आली. गॅरी त्या दिवशी विमान उडवायला गेले आणि संधी हुकली, असं सर्रास सांगितलं जातं. ते अर्धवट आहे. ते कामानिमित्तच विमानाने गेले होते, आणि आयबीएमच्या गोपनीयता करारावर सही करायला डोरोथी तयार नव्हत्या. मायक्रोसॉफ्टने मग सिएटलमधल्या एका कंपनीची, सीपी/एमच्या धर्तीवर बनलेली सिस्टीम विकत घेतली. तीच पुढे डॉस. आयबीएमने नंतर दोन्ही विकायला ठेवल्या. डॉस ४० डॉलरला आणि किल्डॉल यांची २४० डॉलरला! लोकांनी काय घेतलं असेल?

डॉसमध्ये कॉन आलं, सोबत पीआरएन, एयूएक्स, एनयूएलही. पहिल्या डॉसमध्ये फोल्डरच नव्हते. १९८३ मध्ये ते आले, तेव्हा जुने प्रोग्रॅम बंद पडू नयेत म्हणून ही नावं प्रत्येक फोल्डरमध्ये राखीव ठेवली गेली. विंडोजने तो वारसा चालवला.

गंमत उलटते ती पेनड्राइव्हमुळे. लिनक्सवर कॉन नावाची फाइल आरामात बनते. तीच विंडोजवर आणली की ना डिलीट होते, ना नाव बदलतं. विंडोजला ती फाइल वाटतच नाही, उपकरण वाटतं. अशा वेळी कमांड प्रॉम्प्ट उघडून डिलीटची कमांड द्यायची आणि फाइलच्या पूर्ण पत्त्याआधी दोन बॅकस्लॅश, प्रश्नचिन्ह आणि आणखी एक बॅकस्लॅश टाकायचा. त्यामुळे नावाची तपासणी टळते आणि फाइल जाते. (नाव साधंच असेल आणि तरी फाइल हटत नसेल, तर ती बहुतेक दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडी असते. आधी ते बघा.)

किल्डॉल यांनी १९९१ मध्ये कंपनी नॉव्हेलला विकली. ११ जुलै १९९४ रोजी, डोक्याला झालेल्या दुखापतीनंतर तीन दिवसांनी, ५२ व्या वर्षी ते गेले. पॅसिफिक ग्रोव्हमधल्या त्यांच्या जुन्या ऑफिसबाहेर सन्मानाची पाटी लागली ती २०१४ मध्ये.