ब्लेझ पास्कल

आमच्या हिंगोली जिल्ह्यांत औंढा नागनाथाजवळ गुरुत्वीय लहरींचा वेध घेणारी जी लायगो वेधशाळा व्हावयाची, तिला केंद्र सरकारनें २०२३ सालीं मंजुरी दिली. अशा वेधशाळेच्या चार-चार किलोमीटर लांब नळ्यांतून हवा जवळजवळ निःशेष काढावी लागते. अमेरिकेंतील ह्याच धर्तीच्या वेधशाळांत उरलेल्या हवेचा दाब एका टॉरच्या शंभर कोटीव्या हिश्श्याएवढा असतो. टॉर म्हणजे पाऱ्याचा एक मिलिमीटर. त्याचे पास्कल करावयाचे तर १३३ नें गुणावें. वैद्याचा १२० मिलिमीटर रक्तदाब म्हणजे सुमारें १६,००० पास्कल. टॉर हें नांव इटलीच्या टोरिचेल्लीवरून पडलें; पास्कल हें १९७१ सालीं ज्या कॅथलिक पुरुषाच्या स्मरणार्थ ठेविलें, त्याचें चरित्र आम्ही येथें देत आहों.

ब्लेझ पास्कल १९ जून १६२३ रोजीं फ्रान्समधील क्लेरमाँ गांवीं जन्मला. आई लहानपणींच वारली. बापानें घरींच शिकविलें. बापाचे करवसुलीचे हिशेब हलके व्हावेत म्हणून ह्या मुलानें विशीच्या आंतच आंकडेमोडीचें यंत्र योजिलें.

टोरिचेल्लीच्या उलट्या नळींत पारा ७६० मिलिमीटरांच्या आसपास कां थांबतो, हा त्या काळचा वाद होता. निसर्गास पोकळी सोसत नाहीं, असें पंडित म्हणत. हवेचें वजनच पारा तोलून धरीत असेल, तर डोंगरावर तो उतरला पाहिजे, असें पास्कलनें ताडिलें. स्वतः सदा आजारी. म्हणून थोरल्या बहिणीचे यजमान पेरिये यांस त्यानें गळ घातली. १९ सप्टेंबर १६४८ रोजीं ते पुई-द-दोम डोंगर चढले. सुमारें हजार मीटर उंचीवर पारा ८५ मिलिमीटरांच्या जवळपास उतरला. खालीं मठाच्या बागेंत एक धर्मगुरु दिवसभर दुसऱ्या नळीवर नजर ठेवून बसले होते. तेथें पारा जागचा हलला नाहीं. ह्या धर्मगुरूंस कोणी आठवीत नाहीं. पण त्यांच्या साक्षीवांचून शिखरावरील मापास किंमत ती काय?

२३ नोव्हेंबर १६५४ च्या रात्रीं परमेश्वरानें त्याचें अंतःकरण जिंकिलें. तो अनुभव लिहिलेला कागद त्यानें मरेपर्यंत अंगरख्यांत शिवून वागविला. पुढें जेझुइट पंथीयांविरुद्ध त्यानें जीं पत्रें लिहिलीं, तीं १६५७ सालीं निषिद्ध ग्रंथांत गेलीं. हें झांकून ठेवण्यांत आम्हांस अर्थ दिसत नाहीं. त्या पत्रांतील उपहास आम्हांस आजही बोंचतो. तथापि त्यानें ख्रिस्तसभा सोडिली नाहीं, आणि २०२३ सालीं त्याच्या जन्मास चारशें वर्षें झालीं तेव्हां पोप फ्रान्सिस यांनीं त्याच्यावर खास पत्र काढिलें.

१६६२ सालीं त्याच्या घरीं आश्रयास असलेल्या एका गरीब कुटुंबांतील मुलास देवी आल्या. आजारी मुलास हलविण्याऐवजीं पास्कल स्वतःच घर सोडून बहिणीकडे गेला. तेथेंच धर्मग्रामाचे धर्मगुरु बरिये यांनीं त्यास अखेरचे संस्कार दिले. १९ ऑगस्ट रोजीं, एकुणचाळिसाव्या वर्षीं, त्यानें देह ठेविला. पॅरिसच्या सेंट एतिएन-द्यु-माँ मंदिरांत त्यास मूठमाती दिली.